विश्लेषण : आई-बाबा अमेरिकेला निघाले, पण त्यांचा मधुमेह विम्यात बसतो का?

परदेश प्रवासाचा विमा घेताना सगळ्यांचे लक्ष ‘पन्नास हजार डॉलर की एक लाख डॉलर’ या आकड्याकडे असते. दावा मंजूर होणार की फेटाळला जाणार, हे मात्र बहुतेक वेळा जुन्या आजारांविषयीच्या एका कलमावर ठरते. ते कलम विकणारा सांगत नाही आणि घेणारा वाचत नाही.

सुनेचे किंवा लेकीचे बाळंतपण, नातवाची पदवी, नाही तर नुसतेच ‘एकदा येऊन तर बघा’. महाराष्ट्रातल्या शहरांतून साठी-सत्तरीतली जोडपी दरवर्षी अमेरिका, कॅनडा, युरोपकडे निघतात. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, मेतकूट यांनी भरलेल्या बॅगा निघण्याआधी तीन-तीनदा वजनकाट्यावर चढतात. सहा महिन्यांच्या गोळ्या मोजून डब्यांत भरल्या जातात. विम्याची पॉलिसी मात्र तिकीट काढताना खालच्या चौकटीत टिचकी मारून घेतली जाते, किंवा तिकडे बसलेला मुलगा रात्री उशिरा ऑनलाइन उरकतो. कुणाला कोणता आजार आहे, हा प्रश्न आला की फोनवर उत्तर ठरलेले असते: ‘शुगर आहे, पण कंट्रोलमध्ये आहे. नको लिहूस, उगाच हप्ता वाढेल.’

हे एक वाक्य त्या कुटुंबाला फार महागात पडू शकते.

घरचा आरोग्य विमा तिकडे चालतो का?

सर्वसाधारणपणे नाही. भारतातल्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी भारतात घेतलेल्या उपचारांपुरत्याच असतात. सत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मिळणारे आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे संरक्षणही देशातल्याच रुग्णालयांसाठी आहे. काही महागड्या पॉलिसींत परदेशातील उपचारांची सोय असते, पण तिला अटी असतात आणि अमेरिका-कॅनडासाठी बऱ्याचदा वेगळा हिशेब असतो. ‘क्रेडिट कार्डावर विमा फुकट आहे’ या भरवशावरही कुणी निघू नये. तो बहुधा अपघातापुरता असतो आणि त्याच कार्डाने तिकीट काढले असेल तरच लागू होतो.

व्हिसापुरता विमा म्हणजे काय?

शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण दाखवावे लागते. तातडीचे उपचार, रुग्णालयात दाखल होणे, आजारपणामुळे मायदेशी परत पाठवणे आणि मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणणे, हे सारे त्यात यावे लागते. कॅनडाच्या ‘सुपर व्हिसा’साठी आई-वडील आणि आजी-आजोबांना किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्ष चालणारा विमा लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची सक्तीच नाही. म्हणजे जिथे रुग्णालयाचे बिल सर्वात मोठे येऊ शकते, तिथेच विमा घेणे-न घेणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.

ब्रिटनबद्दल एक गैरसमज घट्ट आहे. ‘तिकडे सगळे मोफत’ असे मानले जाते. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागातली तपासणी आणि उपचार पर्यटकालाही मोफत मिळतात, हे खरे. पण तिथून वॉर्डात दाखल केले की भारतातून गेलेल्या पाहुण्याला सरकारी आरोग्यसेवेच्या ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते.

सक्ती असली की त्या सक्तीपुरताच विमा घेण्याची सवय लागते. दूतावासाला कागद हवा म्हणून सर्वात स्वस्त पॉलिसी घेतली जाते आणि व्हिसा मिळाला की ती फाइलमध्ये जाते. दूतावास किमान रक्कम तपासतो. साठीतल्या माणसाचा नेमका आजार त्या पॉलिसीत बसतो की नाही, हे तपासणे त्याचे काम नाही.

मग मोठा आकडा फसवा कसा?

अमेरिकेत रुग्णालयातल्या एका दिवसाचा सरासरी खर्च तीन हजार डॉलरच्या आसपास आहे. डॉलर ९० रुपयांचा धरला तरी हे पावणेतीन लाख रुपये होतात, आणि अतिदक्षता विभाग किंवा शस्त्रक्रिया आली की सरासरीला काही अर्थ राहत नाही. म्हणून लोक मोठ्या रकमेची पॉलिसी शोधतात आणि ते चुकीचेही नाही. पण एक लाख डॉलरची पॉलिसी म्हणजे प्रत्येक उपचाराला एक लाख डॉलर उपलब्ध, असा अर्थ होत नाही.

पहिली कात्री उपमर्यादांची. साठीपुढच्यांसाठी असलेल्या अनेक भारतीय पॉलिसींत खोलीचे भाडे, अतिदक्षता विभागाचा एक दिवस, शल्यविशारदाची फी, भूलतज्ज्ञाची फी अशा प्रत्येक बाबीला वेगळी कमाल रक्कम असते. अमेरिकेत मिळणाऱ्या ‘फिक्स्ड बेनिफिट’ पॉलिसींचेही तेच. समजा, अतिदक्षता विभागाच्या एका दिवसाला दोन हजार डॉलरची मर्यादा आहे आणि रुग्णालयाने नऊ हजार लावले. उरलेले सात हजार रोजच्या रोज घरच्यांच्या डोक्यावर चढत जातात. एकूण विमा रकमेतले नव्वद हजार डॉलर शिल्लक असले तरी त्यांना हात लावता येत नाही. स्वस्त पॉलिसी स्वस्त का असते, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

दुसरी कात्री वयाची. सत्तरी आणि ऐंशी ओलांडली की कमाल विमा रक्कमच खाली येते. आणि तिसरी, सर्वात धारदार कात्री जुन्या आजाराची.

‘जुना आजार’ म्हणजे नेमके काय?

आयसीएमआर-इंडियाब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. साठीपुढच्या जोडप्यांत तर दोघांपैकी एकाची तरी गोळी चालू नसेल असे घर शोधावे लागेल. म्हणजे प्रवास विमा ज्यांना सर्वात जास्त लागतो, त्यांच्यातला मोठा वर्ग जुन्या आजाराच्या कलमात आधीच अडकलेला असतो.

इथे घरच्या आरोग्य विम्याचा अनुभव उपयोगी पडत नाही. भारतातल्या आरोग्य विम्यात जुन्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा करण्यात आला. तीन वर्षे हप्ते भरले की तो आजार संरक्षणात येतो. प्रवास विमा सहा महिन्यांत संपतो. त्यात थांबून आत येण्याची सोयच नाही. म्हणून जुना आजार एक तर पूर्ण बाहेर असतो, किंवा ‘जीव धोक्यात आला तरच’ आणि तेही एकूण रकमेच्या लहानशा हिश्श्यापुरता आत असतो.

अमेरिकी पॉलिसींत यासाठी एक शब्दप्रयोग असतो, ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन’. मराठीत सांगायचे तर जुन्या आजाराने अचानक, आधी कोणतीही लक्षणे न दाखवता उसळी मारणे. बऱ्याच पॉलिसींत आणखी अट असते की त्रास सुरू झाल्यापासून २४ तासांत उपचार घेतलेले असावेत. हळूहळू बिघडत गेलेला आजार यात बसत नाही. रक्तदाब असलेल्या बाबांना दुपारी अचानक झटका आला आणि लगेच रुग्णालयात नेले, तर दावा टिकू शकतो. तीन दिवस छातीत जडपणा होता, ‘गॅस असेल’ म्हणून ओवा खाल्ला, मुलाला ऑफिसची गडबड म्हणून सांगितले नाही आणि चौथ्या दिवशी झटका आला, तर रुग्णालयाच्या नोंदीत ‘तीन दिवसांपासून त्रास’ असे लिहिले जाते आणि विमा कंपनी नेमकी तीच ओळ काढून दाखवते. मुलांना त्रास नको म्हणून दुखणे अंगावर काढण्याची आई-वडिलांची सवय इथे वैद्यकीयदृष्ट्याच नव्हे, पैशांच्या दृष्टीनेही घातक ठरते.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. प्रवास विमा हा आजार बरा करण्यासाठी नसतो, प्रसंग टाळण्यासाठी असतो. भारतात परतेपर्यंत थांबू शकेल असा उपचार त्यात बहुधा मिळत नाही. झटक्यानंतर बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून रुग्ण स्थिर झाला, की पुढची शस्त्रक्रिया मायदेशी जाऊन करा, असे कंपनी म्हणू शकते. गुडघ्याचे दुखणे, मोतीबिंदू, नेहमीच्या तपासण्या, नेहमीची औषधे यांचा तर प्रश्नच नाही.

खरे सांगितले तर तोटा होतो का?

हप्ता वाढतो, काही कंपन्या पॉलिसी नाकारतात, काही वैद्यकीय तपासणी मागतात. एवढा तोटा होतो. पण खरे सांगितल्याचा फायदा काय, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ डिसेंबर २०२१ च्या एका निकालातून नीट कळते.

एका गृहस्थांनी २००९ मध्ये नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला जाताना एका सरकारी विमा कंपनीची परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेतली होती. आपल्याला मधुमेह आहे, हे त्यांनी सांगितले होते. वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना दरदरून घाम फुटला, अशक्तपणा आला. हृदयविकाराचा झटका होता. अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट घालावे लागले. कंपनीने दावा फेटाळला. कोलेस्टेरॉलचा जुना त्रास आणि त्यासाठी चालू असलेली गोळी सांगितली नव्हती, हे कारण. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीचीच बाजू घेतली.

सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ग्राहकाची प्रकृती तपासून, त्याने सांगितलेला आजार माहीत असताना एकदा पॉलिसी दिली, की पुढे त्याच आजाराकडे बोट दाखवून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा उल्लेख राहून जाणे हे महत्त्वाची माहिती दडवणे ठरत नाही, असाही निष्कर्ष काढला. परदेशात जाणारा माणूस विमा घेतो तो अचानक आजारी पडलो तर खर्च निघावा म्हणूनच, ही साधी गोष्ट न्यायालयाने लक्षात घेतली.

हा निकाल ग्राहकाच्या बाजूचा आहे, पण तो सरसकट अभय देणारा नाही. सगळी इमारत उभी आहे ती ‘मधुमेह सांगितला होता’ या पायावर. तो सांगितला नसता तर? त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्याच २००९ मधल्या दुसऱ्या एका निकालात आहे. ते प्रकरण देशातल्या मेडिक्लेमचे होते. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार प्रस्ताव अर्जात दडवला गेला होता आणि न्यायालयाने दावा नाकारणाऱ्या कंपनीचा निर्णय कायम ठेवला. विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे आणि माहिती देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे, ही भूमिका दोन्ही निकालांत एकच आहे.

पहिल्या प्रकरणातल्या माणसाला न्याय मिळाला, पण बारा वर्षांनी. ज्याने खरे सांगितले त्यालाही एवढे थांबावे लागले, तर ज्याने लपवले त्याने कशाच्या बळावर भांडायचे?

विमा इथून घ्यावा की तिथून?

भारतीय कंपनीची पॉलिसी निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. हप्ता रुपयांत, वाद झाला तर दाद इथेच मागता येते, हे तिचे बळ. अडचण अशी की तिकडच्या रुग्णालयाला ही कंपनी माहीत नसते. मदत केंद्राने वेळेवर हमी दिली नाही तर पैसे आधी भरून नंतर परत मागावे लागतात.

अमेरिकी कंपनीची ‘व्हिजिटर’ पॉलिसी मुलगा-मुलगी तिथून घेऊ शकतात. तिला स्थानिक रुग्णालयांचे जाळे असते, बिल थेट कंपनीकडे जाण्याची शक्यता जास्त. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ प्रकारात ठरावीक रक्कम स्वतः भरल्यावर पुढच्या खर्चाचा मोठा हिस्सा कंपनी उचलते, बाबनिहाय तुटपुंज्या मर्यादा नसतात. मात्र या पॉलिसीचा वाद भारतातल्या विमा लोकपालांकडे नेता येत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या, साठी ओलांडलेल्या आणि गोळ्या चालू असलेल्या माणसासाठी, बजेटमध्ये बसत असेल तर, ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट’चे कलम असलेली कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी बाबनिहाय मर्यादांच्या स्वस्त पॉलिसीपेक्षा उजवी. युरोप किंवा सिंगापूरच्या दहा-पंधरा दिवसांच्या सहलीला भारतीय पॉलिसी पुरेशी आहे, फक्त जुन्या आजाराचे कलम वाचून घेतलेली असावी.

मुक्काम वाढवायचा असेल तर मुदत संपण्याआधी पॉलिसी वाढवून घ्यावी लागते. मधल्या काळात एखादा आजार उद्भवला असेल, तर वाढीव मुदतीत तो ‘जुना’ मानला जाऊ शकतो. सहा महिने राहण्याचा विचार असेल तर तेवढ्या मुदतीचीच पॉलिसी पहिल्यापासून घेणे बरे.

प्रसंग आलाच तर?

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तातडीच्या विभागात आलेल्या माणसाला तपासणे आणि स्थिर करणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. विमा आहे का, पैसे आहेत का, यावर ते थांबत नाही. त्यामुळे छातीत दुखत असताना आधी विमा कंपनीला फोन लावत बसण्याचे कारण नाही. आधी ९११, मग कंपनी. पण कंपनीला कळवायचे ते पॉलिसीत दिलेल्या वेळेत, बहुधा २४ तासांच्या आत. बिल मात्र येतेच. कायदा उपचारांची हमी देतो, मोफत उपचारांची नाही.

ताप, पाय मुरगळणे, खोकला अशा गोष्टींसाठी थेट तातडीच्या विभागात जाऊ नये. ‘अर्जंट केअर’ दवाखाने त्यासाठीच असतात आणि तिथला खर्च खूपच कमी असतो. तातडीच्या विभागात जाऊन रुग्ण दाखल झाला नाही, तर काही पॉलिसींत जादा रक्कम स्वतः भरावी लागते.

बिल आले की प्रत्येक बाबीचा तपशील लिहिलेली प्रत मागून घ्यावी. चुका सापडतात. रक्कम कमी करण्यासाठी बोलणी करता येतात. धर्मादाय स्वरूपाच्या रुग्णालयांना आर्थिक मदतीचे लेखी धोरण ठेवावे लागते. पाहुण्यांना ते लागू होते का, हे रुग्णालयागणिक बदलते, पण विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगेलच असे नाही. दाखल करताना मुलापुढे जे कागद येतात, त्यांत ‘हमीदार’ म्हणून सही आहे का, हे पाहून घ्यावे. एकदा ती सही झाली की वडिलांचे बिल मुलाचे होते.

नियामकाने काय करायला हवे?

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने आरोग्य विम्यासाठी सोप्या भाषेतले ‘ग्राहक माहितीपत्रक’ १ जानेवारी २०२४ पासून नव्या स्वरूपात आणले. ग्राहकाने मागितले तर ते स्थानिक भाषेत देण्याची तरतूदही आहे. चांगले पाऊल होते, पण माहितीपत्रक पॉलिसीसोबत, म्हणजे पैसे भरून झाल्यावर हातात पडते. प्रवास विम्यात तोपर्यंत विमान सुटायची वेळ झालेली असते.

विमानाच्या तिकिटासोबत एका टिचकीत विकल्या जाणाऱ्या पॉलिसीत तर आजार विचारलाच जात नाही, किंवा ‘मला कोणताही जुना आजार नाही’ या मजकुराला आपोआप होकार घेतला जातो. साठीपुढच्या प्रवाशाला अशी विक्री करणे थांबवायला हवे. विक्रीच्या पडद्यावर, पैसे भरण्याच्या आधी, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत तीन ओळी यायला हव्यात: तुमच्या सांगितलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त किती रक्कम मिळेल, अतिदक्षता विभागाच्या एका दिवसाला किती मिळेल, आणि आधी खिशातून किती भरावे लागेल. कंपन्यांकडे ही माहिती असतेच. ती चाळीस पानांच्या तेहतिसाव्या पानावर ठेवण्याची सोय तेवढी काढून घ्यायची आहे.

हप्ता वाढेल, अशी तक्रार कंपन्या करतील. प्रामाणिक माहितीवर आधारलेला हप्ता थोडा जास्त असतोच. आजार न विचारता विकलेल्या पॉलिसीचा हप्ता कमी असतो, कारण ती गरजेच्या वेळी उपयोगी पडण्याची शक्यताही कमी असते.

दावा नाकारला तर?

भारतीय कंपनीने दावा नाकारला तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद हाताळले जातात. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते, आणि ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहेच. यातल्या प्रत्येक ठिकाणी पहिला कागद मागितला जातो तो प्रस्ताव अर्जाचा. त्यामुळे पॉलिसी ऑनलाइन घेतली असली, तरी आजारांची माहिती भरलेल्या पानाची प्रत त्याच वेळी जतन करून ठेवावी आणि ती आई-बाबांच्या फोनमध्येही असू द्यावी.